बुधवार सोडून

फ्रिजवर चुंबकांनी टांगलेला तक्ता:
पाच उभे रकाने, तीन आडवे.
पाच वर्षांखालची तीनच मुलं मला चालतात,
म्हणजे मला कितीही चालतील, परवान्याला तीन.
या पंधरा चौकोनांत
अख्ख्या टेकडीवरच्या आया
आपापला आठवडा कोंबून बघतात.

कारिस आली ती फेब्रुवारीत,
कडेवर माक्सेन, त्याच्या एकाच पायात मोजा.
दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत
तिचे आठवड्याचे सोळा तास.
"मंगळवार पूर्ण," म्हणाली, "बुधवार दुपारपर्यंत,
आणि शुक्रवार, पण एकाआड एक."
मी हसले. मग तीही हसली,
पण तिचं जरा लवकर आटपलं.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
ही दात घडवून भरते,
तेही अर्धंच.
सांगत होती: बंदराजवळचं ते नवं, काचेचं,
मूल अर्धा दिवस ठेवा, पैसे पूर्ण दिवसाचे,
आणि न्यायला उशीर झाला
तर दर पाच मिनिटांना दंड.
स्केटीतल्या बाईंकडे टीव्ही बंदच होत नाही.
सासूबाईंचा गुडघा.
बहीण? बहीण न्यूपोर्टला, आणि तिचीच तीन.
"तास वाढवून मागितले की म्हणतात बघू.
कमी करून मागितले की लगेच हो."
एवढं बोलून ती माझ्या न्हाणीघरात जाऊन आली.
मागाहून कळलं, साबण बघायला गेली होती,
मुलाच्या हाताला पोचतो की नाही.

खेळणी तिनं पाहिलीच नाहीत.
मला ती तिथेच आवडली.

मंगळवार रिकामा होता.
शुक्रवार ओढूनताणून बसला असता,
नेस्टाच्या बाबाची पाळी बदलते त्या हिशेबानं.
बुधवार मात्र मी कुणाला देत नाही.
बुधवारी मी दाराला कडी लावते
आणि ग्विलिमला मॉरिस्टनच्या इस्पितळात नेते.
सोमवार-शुक्रवारी त्याचा भाऊ नेतो,
बुधवार माझा.
चार तास यंत्र त्याचं रक्त धुतं
आणि आम्ही दोघं एकच शब्दकोडं सोडवतो,
तो उभे शब्द, मी आडवे.

तेव्हा बुधवारला मी नाही म्हटलं.
नाही म्हणायची सवय आहे मला,
तरी एखादा नकार माशाच्या काट्यासारखा
घशात राहतो.
ती मालकाकडे पुन्हा गेली. बुधवार गुरुवारवर ढकलला.
गुरुवार माझा भरलेला.
मग मी गुरुवारच्या आईला विचारलं,
तिनं तिच्या नवऱ्याला, त्यानं त्याच्या गॅरेजमध्ये.
एका चौकोनासाठी चार घरं हलली,
दोन आठवडे. शेवटी निघालं एवढंच:
गुरुवार, एक वाजेपर्यंत.
सोळातले दोन तास तिनं सोडून दिले.
सांगताना फक्त आकडा सांगितला,
चौदा.

पहिल्या दिवशी माक्सेन रडला नाही.
बूट काढून माझ्या बुटांशेजारी ठेवले,
उजवा डावीकडे, डावा उजवीकडे,
आणि कुत्र्याच्या टोपलीत जाऊन बसला.
मूल रडलं नाही की आईची मोठी पंचाईत होते,
तिला निघायला कारण उरतं, थांबायला नाही.

ती निघाली.
खिडकीतून मला तिची गाडी दिसत होती,
उतारावर, चाकं कडेला वळवलेली, इंजिन बंद.
आठ एकोणचाळीस ते आठ पन्नास.

महिन्याचं बिल मी मिनिटावर काढते.
ही अकरा मिनिटं कुणाच्या नावे टाकू?
तिचे तास नऊला सुरू होतात.
माझे, मूल उंबरठ्याच्या आत आल्यापासून.
मूल तर आत आहे.
आई बाहेर, सुकाणूवर दोन्ही हात ठेवून,
कुठेच न जाता.
इतका बारीक चौकोन
माझ्या तक्त्यावर नाही.

मग गाडीचे दिवे लागले.
टोपलीत माक्सेननं
आजही एकाच पायात असलेला मोजा काढला
आणि कुत्र्याला दिला.