वीजबिलाच्या पाठीवर

वीजबिलाच्या पाठीवर मी माणसं मांडते.
मोठी तीन, लहान दोन, आणि मामंजी.
मामंजींच्या पुढे काय लिहावं कळत नाही;
साठीच्या वर अर्धं तिकीट, असं सुलक्षा सांगून गेली,
पण आधारकार्डावर ते
स्वतःच्या धाकट्या भावाहून दोन वर्षांनी लहान आहेत.

सोमवारी मत्स्यालय बंद.
गुरुवारी सासूबाईंचा उपास, बसमध्ये भोवळ येते.
रविवारी पर्यटकांच्या गाड्या
वेर्ण्याच्या चढावरच अडून बसतात.
राहिला शुक्रवार.

कुटबणच्या जेटीवर ट्रॉलर एकमेकांना बांधून उभे आहेत.
बंदीच्या एकसष्ट दिवसांतले चोवीस सरले.
नवरा घरी आहे, आणि दिवसभर
न मोडलेल्या वस्तू दुरुस्त करतो.

बेतूलहून मडगाव, मडगावहून वास्को,
पुढे समुद्राच्या कडेपर्यंत रिक्षा.
एक की दोन, यावर
काल रात्री जेवण निवलं.

साईशला सगळं पाठ आहे.
काचेचं भुयार. डोक्यावरून जाणारा शार्क.
एक कासव, ज्याला एकच डोळा.
"मासे बघायला पैसे?" सासूबाई म्हणतात,
"चाळीस वर्षं टोपली उघडी ठेवून बसलेय बाजारात,
कुणी तिकीट काढलं नाही.
उलट कल्ले उघडून बघितले, नाक मुरडलं,
आणि पन्नास रुपये कमी करून मागितले."

डब्यात काय, हा वेगळाच तंटा.
निशिका म्हणते, तळलेले बांगडे अजिबात नाही,
ते बघतील.
नवरा म्हणतो, बघू देत.
मी बटाट्याची भाजी लिहिते,
आणि पुढे प्रश्नचिन्ह घालते.

मामंजी दारात, सुतळीचा गुंता मांडीवर.
आता कुणी रापण ओढायला हाक मारत नाही,
तरी बोटं आपली गाठी सोडवत असतात.
"तिथलं पाणी खारं असतं?"
असतं, साईश म्हणतो, मीठ घालतात.
"आणि भरती?"
मोटर आहे ना, पाणी फिरवते.
"मग आज अमावास्या आहे
हे त्यांना कळतं कसं?"
साईश माझ्याकडे बघतो. मी बिलाकडे.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही,
आणि मामंजीच म्हणाले, सुतळीकडे बघत,
"मी चणक पाहिला तो रेतीत.
गोबरो पाहिला, तामसो पाहिला, तोंड वासलेला.
शेवटो तेवढा जाळ्यावरून उडी मारतो,
तेवढाच काय तो धड जिवंत बघितला, आणि तोही
हातचा गेला म्हणून शिव्या देत.
जन्म गेला, पण मासा
नुसता असतो तेव्हा काय करतो, ठाऊक नाही.
झोपतो कुठे?
वळताना आधी काय हलवतो, डोकं की शेपूट?
माझ्याकडे आला तो मरायलाच आला."

यात दुःख नव्हतं.
हवामान सांगावं तसं ते म्हणाले,
आणि दाताने गाठ तोडली.

नवऱ्यानं हातातला पाना खाली ठेवला.
मी मामंजींच्या पुढे "पूर्ण" लिहिलं,
आधारकार्डाची भानगडच नको.
दोन रिक्षा लिहिल्या.
सव्वासातची बस, पाण्याच्या बाटल्या,
निशिकासाठी उलटीची गोळी,
मामंजींचा फातर्प्याच्या जत्रेचा सदरा,
ज्याला कॉलरच्या आत
कितीही धुतला तरी जात्रेतल्या खाज्याचा वास आहे
असं फक्त मलाच वाटतं.

सासूबाई सुरी धुऊन आत आल्या.
पदराला हात पुसले, परत पुसले.
"अगो," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता,
"तिथं पेडवे असतील का?
की नुसते मोठेच ठेवतात?"

मला माहीत नाही.
बिलाच्या कोपऱ्यात, थकबाकीच्या आकड्याच्या मागे
थोडी जागा उरली होती.
तिथे लिहिलं:
पेडवे. विचारणे.