गैरहजेरी

बिंदू चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात
पासपोर्टची पानं सपाट करत
मी दिवस मोजतोय.
एकोणीस वर्षं कॅल्गरीत काढल्यावर अर्ज विचारतो :
गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर किती दिवस? कारण?

एकवीस. आक्काचं ऑपरेशन.
नऊ. शरयूचं लग्न, हळद हुकली.
सव्वीस. खरं तर बाराच,
पण शिरोलीला हायवेवर पाणी चढलं
आणि पंचगंगेनं चौदा दिवस ठेवून घेतलं.
‘पूर’ हे कारण चालतं का, कुणाला विचारू?
चार. आक्का.

बेरीज साठ.
दवाखान्यात तिच्या उशाशी जागलो त्या रात्रीही
तिकडच्या मस्टरवर गैरहजर.

इलाही मशीनचं झाकण उचलतो.
सातवीत माझ्याच बाकावर होता.
“मग ह्यो पासपोर्ट?”
“परत करायचा.”
“आन् हिकडं यायचं झालं तर?”
“कार्ड काढावं लागतं.”
झाकणाच्या फटीतनं हिरवा उजेड सरकत गेला
माझ्या जन्मगावाच्या स्पेलिंगवरून.

पाकिटातनं नोट काढली
तर त्यानं हात आडवा धरला.
“ऱ्हाऊ द्या, पावणं.”