त्रण सवारी

बार्शीहून आलो तेव्हा गुजरातीतले
मला फक्त आकडे वाचता येत, बसच्या पाट्यांपुरते.
मकरपुऱ्यात आठ तास व्हॉल्व्ह तपासायचे
आणि राहायला दांडिया बाजारात मागची खोली,
रंगनाथ मोहित्यांकडे.
त्याच्या मराठीत ‘फावेल’ असा एक शब्द होता.
पाणी सकाळी सहाला येतं, फावेल?
आमच्याकडे फावतं ते चोरांचं, मी म्हटलं.
तो हसला. आतून अजून कुणीतरी हसलं.
तो मनहर.

मनहर पंख्यांच्या मोटरी भरतो,
मांडवीजवळ, जिन्याखालच्या दुकानात.
बोटांना तांब्याच्या तारेचा वास.
तो माझ्या मानेला लागला पुढच्या मे महिन्यात.
लाइट गेले होते, गच्चीवर तीन गाद्या,
सकाळी त्यांतल्या दोनच चुरगळलेल्या.
रंगनाथनं तिसरी गुंडाळली, काही न बोलता,
आणि चहा टाकला. साखर मला विचारून.

हे सोपं होतं असं मला सांगायचं नाही.
त्यांचं सात वर्षांचं ‘आम्ही’ होतं.
आम्ही हा फ्रिज घेतला.
आम्ही आबूला गेलो तेव्हा ह्याला ताप.
आम्हाला कारलं चालत नाही.
माझ्याशी बोलताना मात्र ‘आपण’.
आपण जेवूया. आपण नदीवर जाऊ, मगरी दाखवतो.
मराठीत दोन्ही आहेत, गुजरातीतही,
आणि ‘आपण’ पाहुण्यालाही म्हणतात,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

विश्वामित्रीच्या पुलावर कठड्याला टेकून तिघे.
खाली गाळात मगर, ओंडक्यासारखी.
रंगनाथ म्हणाला, आम्ही इथे पहिल्यांदा...
आणि थांबला.
मनहरनं माझ्या पाठीवर हात ठेवला.
मगर हलली नाही.
त्या रात्री मी मागच्या खोलीत झोपलो, कडी लावून.
सकाळी कडी मीच काढली, दुसरं कोण काढणार.

आई फोनवर: किती जण राहता रे?
तिघं.
बरंय, भाडं वाटून जातं.

मग मार्चमधला तो शनिवार.
सेव उसळ खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी,
एका स्कूटरवर मनहर पुढे, मी मधे,
रंगनाथ मागे, अर्धा हवेत,
त्याची हनुवटी माझ्या खांद्यात रुतलेली.
तीन तिगाडा, तो कानाशी म्हणाला,
आणि काळ्या घोड्यापाशी शिट्टी वाजली.

हवालदार तरुण. चष्मा पुसत होता.
कोण कोणाचे, त्यानं विचारलं, भाऊ?
मनहर स्टँड लावत होता. स्टँड लागेना.
‘अमे त्रणेय साथे छीए,’ तो म्हणाला.
अमे. आपणे नाही.
‘आपणे’ म्हटलं असतं तर त्यात हवालदारही आला असता.
‘अमे’ला कुणीतरी बाहेर लागतं,
आणि बाहेर आता हवालदार होता, चौक होता,
भुट्टेवाल्याची विझत आलेली शेगडी होती.
मी नव्हतो.

पावती फाडली. गुन्हा: त्रण सवारी.
नाव एकाचंच, चालवणाऱ्याचं.
तरी ह्या शहरात तेवढाच कागद आहे
ज्यावर आमची संख्या बरोबर लिहिलीय.
रंगनाथनं तो फ्रिजवर चिकटवला.
मनहर म्हणतो काढ, कुणी बघेल.
दोघांचं अजून चालू आहे.
रात्री मधे कुणी झोपायचं हेही नीट ठरलेलं नाही.
ज्याचा दिवस वाईट गेला तो, असा नियम,
पण रंगनाथ खोटं बोलतो.

परवा आईनं विचारलं, जेवलास?
जेवलो आम्ही, म्हटलं.
भाजी कसली?
काहीही, कारलं सोडून. आम्हाला चालत नाही.
फोनवर जरा खरखर झाली.
तुला तर आवडायचं, ती म्हणाली.