तारेचं टोक

प्लॅटिनमची तार, पापणीच्या केसाइतकी बारीक.
ज्योतीत लाल करायची, निवू द्यायची,
आणि शेपटीपाशी हळूच टोचायचं.
हलला, तर जिवंत.
नाही हलला, तर डोक्याकडे टोचायचं.
तरीही नाही, तर वहीत एक काट.
विज्ञान, निदान माझ्या वाट्याला आलेलं, एवढंच.

रविवारीही यावं लागतं. किडे रविवार पाळत नाहीत.
कार्निव्हलच्या सोमवारी अख्खं कोलोन रस्त्यावर नाचत असतं
तेव्हा मी ट्राममध्ये
दोन विदूषक आणि एका भल्यामोठ्या मधमाशीच्या मध्ये चेंगरून
वीस अंशांच्या खोलीत पोचते.
एक मिलिमीटरचे जीव, काचेसारखे आरपार.
खाल्लेलं दिसतं, पोटातली अंडी दिसतात,
म्हातारपण येतं तेही दिसतं:
आधी चालीतली लाट मोडते,
मग घास गिळणारा घसा मंदावतो.

साधे असतात ते अठरा-वीस दिवसांचे धनी.
एका जनुकातलं एक अक्षर बदललेले, चाळीस.
डॉक्टर लेंगर्सडोर्फ पाहुण्यांना सांगतात,
माणसाच्या हिशेबात हे दीडशेच्या पुढे.
पाहुणे मान डोलावतात
आणि मनातल्या मनात स्वतःचं वय वजा करतात.
मी मध्ये बोलत नाही, की तिसाव्या दिवसानंतर
यातले बरेच नुसते पडून असतात,
कोणीतरी विसरलेल्या स्वल्पविरामासारखे.
टोचलं की मान वळवतात.
अजून?

किड्यात जे दुप्पट, ते उंदरात जेमतेम काही महिने.
आणि माणसात?
माणसावरचा प्रयोग संपायच्या आत
प्रयोग करणारा संपतो.

वहीत आणखी एक रकाना आहे, गणतीबाहेरचा.
काही किडे बशीची भिंत चढतात
आणि वर, कोरड्या काचेवर, वाळून जातात.
ते मेले असं धरत नाहीत.
काहींच्या पोटातच पिल्लं उबतात
आणि आईला आतून खात बाहेर येतात.
तीही धरत नाहीत. म्हातारपणानं गेली नाही ना.
पहिल्या वर्षी या रकान्यापाशी माझा हात अडखळायचा.

घरी, भिंतीपलीकडे, सेवेरिन ओडेनथाल. वय सत्त्याण्णव.
चाळीस वर्षं ऱ्हाईनच्या पाण्याची पातळी वाचायचे,
आता जिना उतरत नाहीत. मुलगी कॅनडात.
आमचं ठरलेलं आहे: सकाळी सातला
मी हीटरच्या नळीवर चमच्यानं दोनदा वाजवायचं,
त्यांनी काठीनं एकदा.
सहा वर्षं झाली. या दोन गोष्टी
मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

गेल्या गुरुवारी वाजवलं. उत्तर नाही.
नळीवर थोडं वर, पुन्हा वाजवलं.
नाही.
चमचा एका हातात,
आणि दुसऱ्या हाताची बोटं, माझ्या नकळत,
पेन शोधत होती.

किल्ली घेऊन धावले.
ओव्हरकोट घालून बाल्कनीत उभे होते, कठड्याला रेलून.
"ऐकलं मी," म्हणाले. "आज उत्तर द्यावंसं वाटलं नाही.
बघ, चढलंय. आठ तीस झालं की बोटी थांबवतील."
खाली नदी, मातकट, अख्खं झाड वाहून नेत होती.
बराच वेळ आम्ही ते झाड बघत राहिलो.
मग म्हणाले, "तुझे किती उरले?"
"सत्तेचाळीस."
"मजेत आहेत?"
"हलतात."
"ते नाही विचारलं मी."

शुक्रवारी, सातला पाच कमी असतानाच,
पलीकडून काठी वाजली.
दोनदा.
मी अंथरुणातच होते, डोळे उघडे.
थोडा वेळ हललेच नाही.