डावा बूट

आधी वाटलं, धक्क्याखालचा समुद्रसिंहच.
भरतीला येतात ते आमच्या घराच्या खांबांपर्यंत,
भुंकतात, माशांची डोकी मागतात.
मी कूस बदलली.
मग तो पुन्हा भुंकला
आणि आवाज पाण्याकडून नव्हे,
पाळण्यातून आला.

बेनिसियो, तू नऊ महिन्यांचा होतास.
नेल्दा, तुझी आई, पलीकडच्या बेटावर रात्रपाळीला,
सामन मासे चिरायच्या कारखान्यात.
घरात मी, तू आणि विझत आलेली चूल.

मी इंजिनं दुरुस्त करतो.
चिलोएच्या या टोकाला कुठल्याही होडीचं डिझेल
मी डोळे मिटून ओळखतो :
नळीत हवा अडकलीय, की फिल्टर तुंबलाय,
की मालकच चिकट आहे.
तुला उचललं, छातीला कान लावला.
श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती.
गळ्याखाली एक खड्डा
पडत होता, भरत होता, पडत होता.
वाट कुठे अरुंद झालीय ते कळत होतं मला.
पाना कुठला लावायचा, ते नाही.

रडायला तू तोंड उघडलंस
आणि रडू बाहेर आलंच नाही.

रेडिओवर हाक दिली. खरखर. पुन्हा हाक.
म्हातारी ओतिलिया जागी होती, ती कायमच जागी असते.
"बाहेर ने त्याला. गारठ्यात."
या थंडीत?
"विचारत बसू नकोस, एलिसेओ. ने."

जुलै. आमचा जुलै म्हणजे ऐन हिवाळा.
हवा इतकी गार की दात ठणकावेत,
आणि त्या हवेत तुझी शिट्टी जराशी सैल झाली.
जराशीच. गंजलेला नट
अर्धा आटा फिरावा, तेवढी.

दवाखाना चर्चच्या मागे, चढावर. नऊशे पावलं.
नंतर मोजली मी, उजेडात, तीनदा.
त्या रात्री ती नऊशे नव्हती.
वाटेत देवाशी काहीच बोललो नाही.
तुझ्याशी बोललो, बटाट्यांबद्दल :
जांभळे, काळे, आणि ते वेडेवाकडे,
जे सोलताना तुझी आई शिव्या देते.
माझं बोलणं थांबलं तर
तूही थांबशील, असं वाटत होतं.

मिरेया कार्कामो. बेटावरची एकुलती एक नर्स.
दार उघडायच्या आधीच खोकल्यावरून तिने ओळखलं.
"घशाला आतून सूज आहे. वाफेतून औषध देऊ.
त्याला रडवू नका. तुम्हीही रडू नका."
मशीन लावलं. दिवा लागला नाही.
बेटाची वीज बारालाच जाते.
जनरेटर मागच्या खोपटात. तो सुरू होईना.
तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे.

तुला खाली ठेवणं,
म्हणजे तिच्या हातात देणं,
त्याहून जड काही मी आजवर उचललेलं नाही.

टॉर्च दातात. बोटं बधिर.
फळ्यांपलीकडून तू भुंकत होतास.
नळीत हवा होती.
त्याला हवा नको होती, तुला हवा हवी होती,
आणि मी एकाचीच काढू शकत होतो.
स्क्रू ढिला केला. फेस आला, बुडबुडे आले,
मग नितळ डिझेल.
दांडा फिरवला. एकदा. दोनदा.
इंजिन पेटलं, धडधडलं,
आणि त्या आवाजात
तू ऐकू येईनासा झालास.

खोपट ते खोली, बारा पावलं.
ती मोजायला मी अजून गेलेलो नाही.

वाफेच्या ढगात तुझं कपाळ घामेजलेलं.
मिरेयाचं बोट तू घट्ट धरलं होतंस,
आणि गळ्याखालचा खड्डा
उथळ होत होता.

पहाटेच्या होडीने नेल्दा आली.
अंगाला माशांचा वास, डोक्याला कारखान्याची जाळी.
तुला छातीशी घेतलं, बराच वेळ.
मग माझ्या पायांकडे बघून म्हणाली,
"डावा बूट माझा आहे."
आणि खाली बसून तो काढू लागली,
निघेना.

अजूनही कुणाचं इंजिन दुरुस्त झालं
की मी ते लगेच बंद करतो,
मान वाकडी करून थांबतो जरा.
मालकांना वाटतं,
मी इंजिन ऐकतोय.