नांगी

ऑगस्टमध्ये एका रात्री पाय धुताना
लोव्हरेन्सच्या डाव्या तळव्यात मला नांगी सापडली.
काळी, बारीक, विषाची पिशवी सुकून कातडीला चिकटलेली.
कधी डसली? मी विचारलं.
कोण? तो म्हणाला.

बावन्न वर्षं माशा पाळलेला माणूस हा.
कुठल्या रंगाच्या पेटीतली माशी डसली
ते ठणक्यावरून सांगायचा
आणि सोचा नदीच्या काठाकाठाने लोक त्याला हसायचे.

आधी मुंग्या यायच्या पायांना,
अंथरुणाला पाठ टेकली की.
साखर सांडली तिथे मुंग्या येणारच, मी थट्टा करायचे.
मग एका हिवाळ्यात मुंग्या निघून गेल्या.
आम्हाला वाटलं, सुटलो.

तोल्मिनच्या दवाखान्यात नर्स झ्वोंकाने
त्याला डोळे मिटायला लावले
आणि नायलॉनचा एक ताठ धागा
तळव्यावर दहा ठिकाणी टेकवला.
लागलं की सांगा.
तो तीनदा बोलला.
बाकी वेळ भिंतीवरच्या घड्याळाचाच आवाज.

बोटातला थेंब फक्त त्या क्षणाचं बोलतो,
दोन दिवस जपून खाल्लं तर तोही आपल्या बाजूने बोलतो.
दंडातलं रक्त तसं नाही.
त्यात तीन महिने मुरलेले असतात.
नऊ पूर्णांक एक, कागदावर लिहून आलं,
आणि मला त्या आकड्यात सगळं दिसलं:
जूनमधला लिंडनचा बहर,
गिऱ्हाईकागणिक चाखलेला एक चमचा
(चव न बघता विकू कसा?),
मी स्वतः वाढलेले आलुबुखारचे उकडीचे गोळे.

डोळ्याच्या पडद्यावर लाल ठिपके निघाले, चार.
लघवीत प्रथिन, किंचित.
किंचित, डॉक्टर दोनदा म्हणाले.
कुलपं राळेने बुजलीत, त्यांनी त्याच्याच भाषेत सांगितलं,
माशा फटी बुजवतात ना, तशी.
किल्ली आहे, भरपूर आहे, फिरत नाही.
तेव्हा कुठे लोव्हरेन्सने नांगी टाकली
आणि गवतावर अनवाणी जायचं सोडलं.

वरच्या मजल्यावर आमची नात राहते, तिन्कारा, नऊ वर्षांची.
आजोबांचं आलं पोरीत, असं बेकरीतली बाई म्हणते.
नाही हो आलं.
तिच्याकडे किल्लीच नाही.
दोन वर्षांपूर्वी, तीन आठवड्यांत,
पोर नळाला तोंड लावून पाणी प्यायला लागली,
पलंग ओला करायला लागली, फ्रॉक ढगळ झाला.
पोळ्याच्या पहारेकरणींनीच
आपल्या घरातल्या कामकरणी मारून टाकल्या होत्या,
का, ते कुणालाच नीट सांगता येत नाही.
आमच्या हातून काय चुकलं, असं तिच्या आईने विचारलं
तेव्हा डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, काही नाही.
ते वाक्य ती अजून भांडी घासताना पुटपुटते.

पहाटे तीनला तिच्या दंडावरचं यंत्र किंचाळतं.
साखर खाली.
सगळ्यांत आधी लोव्हरेन्स उठतो,
सपातेत हात घालून आत खडा नाही ना बघतो,
मग पाय घालतो, जिना चढतो,
चमच्यात मध घेऊन.
तोंड उघड, चिमणे.
अर्धझोपेत ती गिळते.
खाली येताना तो चमचा चाटत नाही
असं मी शपथेवर सांगणार नाही.

रात्री मी मांडीवर त्याचा पाय घेते,
खाली आरसा धरते.
भेग, फोड, लाली, बोटांच्या बेचक्या.
टाचेशी येऊन विचारते, इथे?
हो, तो म्हणतो, लागलं.

मी अजून बोट टेकवलेलं नसतं.