नांगर, काळोख, होडी

इंग्लंडहून स्विच मागवायचा तर सहा आठवडे,
आणि किंमत म्हणजे नाकापेक्षा मोती जड.
जुडिता म्हणाली, "मग सहा आठवडे मी काय
कोंबड्यांबरोबर झोपू, विस्टीन?"
एक्याऐंशी वर्षांची सुईण. गावातली निम्मी डोकी
तिनेच उजेडात ओढलेली. माझंही.
नाही कसं म्हणणार?

गाडी रायली, साठ सालची.
डॅशबोर्ड अक्रोडाचा, माल्टाच्या उन्हाने तडकलेला.
जुना स्विच काढला तेव्हा
जळक्या बॅकेलाइटचा वास आला
आणि एक वाळलेला कोळी
टपकन सीटवर पडला.

माझ्याकडे एकच होता: होडीचा.
भावाची, नेनूची, होडी गेल्या हिवाळ्यात
मार्साश्लोकच्या धक्क्यावर करवतीने कापली.
कागद होता, शिक्का होता, अनुदान होतं.
नेनू बघायला आला नाही.
मी गेलो, खिशात मावलं तेवढं घेऊन आलो.

जाड पितळी दांडी. एका अंगाला कोरलेला नांगर
(समुद्राचा; आमच्या खडकाळ शेतात तसाही कुठला चालायला),
दुसऱ्या अंगाला इवलीशी होडी.
मध्ये कोरा पत्रा.

भोक मोठं, स्विचची मान बारीक.
फरक दोन सुतांचा, पण दोन सूत म्हणजे
खड्ड्यात चाक गेलं की स्विच हातात.
आमच्या जुन्या दाराला पितळेचा मासा होता, कडी म्हणून,
शेपूट तुटल्यापासून डब्यात पडलेला.
त्याचं पोट लेथवर धरलं, एक कडं काढलं,
घट्ट झालं, कानस मारली,
सैल झालं, शिवी दिली,
दुसरं काढलं.

मग लाकूड जाड निघालं. नट आट्यापर्यंत पोचेना.
मागून पटाशीने खरवडत बसलो
आणि एकदा घसरली.
ओरखड्यावर दाट कॉफी चोळली आहे.
जुडिताला अजून दिसलेला नाही, किंवा दिसला आहे.

वायरींचं मात्र इंग्रजांनी नीट लावून दिलेलं:
तपकिरी कायम जागी,
लाल बाजूच्या दिव्यांना, निळी मोठ्यांना.
धन टोक पत्र्याला, हल्लीच्या सगळ्याच्या उलट;
स्विचला त्याचं सोयरसुतक नाही.
पण जुन्यात मोठे लागले की बारके सोबत राहायचे,
आणि ह्यात इकडे किंवा तिकडे.
रात्री जेवताना सुचलं, काटा हातातच राहिला:
मागे टोकांच्या दोन रांगा आहेत.
एका रांगेची दोन्ही टोकं तारेने जोडायची, लाल तिथे.
दुसऱ्या रांगेत फक्त होडीकडे, निळी.
बायको म्हणाली, सूप गार होतंय.

संध्याकाळी जुडिताला बसवून शिकवलं.
"नांगराकडे ढकललीस की बारके दिवे, थांबण्यापुरते.
होडीकडे, की मोठे, निघायचं."
"आणि मध्ये?"
"मध्ये काळोख."
तिने मान हलवली, होडीकडे दांडी लोटली,
आणि माझ्या गॅरेजची चुनखडीची भिंत
पार वरच्या दिव्याच्या कोनाड्यापर्यंत
पिवळी झाली.
नेनू दारात उभा होता. कधी आला ठाऊक नाही.
त्याने पाहिलं, स्विच ओळखला,
टोपी काढून पुन्हा घातली,
आणि म्हणाला, "तो जरा कडक जातो. अंगठ्याने दाब."

सकाळी सात वाजता फोन.
"विस्टीन, गाडी सुरू होत नाही."
रात्रभर दांडी नांगरावर होती. बॅटरी ठार.
मी केबली घेऊन निघालो तर नेनू आधीच
शेजारी येऊन बसलेला.
"नांगर टाकून ठेवल्यावर," तो म्हणाला,
"हलेल कशी?"
गेल्या हिवाळ्यानंतर
मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं,
आणि गिअर चुकीचा पडला.